आठवी ते अकरावीची पोरं स्वतःच नाटकं लिहून बसवणार म्हणताहेत, आपण नक्की किती हात घालायचा? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही इंदिरानगरला राहतो, कॉलनीच्या वाचनालयावर एक हॉल आहे, शंभरेक खुर्च्या मावतात, पुढे गुडघाभर उंचीचा ओटा आहे त्यालाच सगळे स्टेज म्हणतात. दरवर्षी गणपतीत तिथे पोरांचं नाटक होतं, म्हणजे एक काका बसवतात, संहिता त्यांची, डायलॉग ते म्हणून दाखवतात आणि पोरं तस्सेच्या तस्से म्हणतात, कपड्यांचं आयांनी बघायचं. छान होतं, नाही असं नाही. पण यंदा पोरापोरींनी आपापली मीटिंग घेऊन जाहीर केलं की गणपतीनंतर आम्ही आमची नाटकं करणार, लिहिणार आम्ही, डिरेक्शन आमचं, लाईट-म्युझिक आमचं, हॉलचे पैसेसुद्धा आम्हीच जमवणार, मोठ्यांनी फक्त बघायला यायचं आणि मध्ये फोनवर बोलायचं नाही.

चार नाटुकली आहेत, दहा ते पंधरा मिनिटांची प्रत्येकी. एक क्लासच्या मागच्या बाकावर घडतं, एक पंचवटीतला वाडा बिल्डरला द्यायचा की नाही यावर आजी आणि नातीचं, एक अख्खं द्वारका सर्कलला अडकलेल्या सिटीलिंक बसमध्ये, आणि चौथं अजून लिहिलेलंच नाही पण त्याचा डिरेक्टर मात्र ठरलाय.

आता माझे प्रश्न. तालमीला कुणी मोठं माणूस बसायला हवं की नको? कारण बसलं की ते बोलतंच, आणि नाही बसलं तर भांडणं होतात, परवाच एक मुलगी रडत घरी आली की डिरेक्टरने तिच्या बेस्ट फ्रेंडला मेन रोल दिला. दुसरं म्हणजे क्लासच्या नाटकात एका सरांची भरपूर टिंगल आहे आणि एक मुलगी बाबांना सांगते की मला सायन्स नकोय, त्यावर कॉलनीतल्या एका आजोबांनी आत्ताच नापसंती कळवलीय. तिसरं, पैसे किती हातात द्यायचे. आणि तारीख, कुणी म्हणतं २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला करा, तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या गावात त्या दिवशी केलं तर शोभून दिसेल. कुणी पोरांना असं मोकळं सोडून बघितलंय का? खरंखुरं सांगा.

तिसरी_घंटा

ताई, आधी तारीख. २७ फेब्रुवारी विसरा, दहावी-बारावीच्या बोर्डाचा तोच सीझन, दहावीची चार पोरं गळाली की तुमची दोन नाटकं गेलीच समजा. त्यापेक्षा ५ नोव्हेंबर बघा, मराठी रंगभूमी दिन, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला प्रयोग केला तो दिवस, साधारण दिवाळीच्या आगेमागेच येतो, सहामाही उरकलेली असते, पोरं मोकळी असतात. नेमका ५ तारखेलाच करायला पाहिजे असं काही नाही, त्या आठवड्यातला रविवार पकडा.

आता मुख्य मुद्दा. मी नाशिकमध्येच हौशी नाटक करतो, आधी कॉलेजच्या एकांकिका, आता राज्य नाट्य स्पर्धेला सायखेडकर नाट्यगृहात जमेल तसं. आमच्या पिढीत जे कुणी नाटकात टिकलं ते एकांकिकांमुळे टिकलं, आणि तिथे कॉलेजची पोरंच लिहितात, पोरंच बसवतात, सेटला खिळे पण पोरंच ठोकतात. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजच्या एकांकिकांची स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे, त्यातून आलेली किती माणसं आज स्टेजवर, पडद्यावर दिसतात बघा. मग अठराव्या वर्षी जे चालतं ते पंधराव्या वर्षी का चालू नये, फरक एवढाच की पंधराव्या वर्षी घरी नेऊन सोडायला कुणीतरी लागतं.

मोठं माणूस तालमीला बसावं का, तर हॉलमध्ये असावं, तालमीत नसावं. म्हणजे खाली वाचनालयात पेपर वाचत बसा, वर काही पडलं-झडलं तर धावा, बाकी जिना चढू नका. कारण काय होतं, मोठं माणूस समोर बसलं की नटाची नजर डिरेक्टरवरून उठून त्या माणसावर जाते. एक वाक्य झालं की बघ काकांकडे, काका हसले का, काकांनी मान हलवली का. डिरेक्टर म्हणते डावीकडून ये आणि काका म्हणतात अगं उजवीकडून छान दिसेल, झालं, त्या मुलीचं डिरेक्शन तिथेच संपलं, नंतर तिचं कुणी ऐकत नाही, आणि वाईट म्हणजे तिचं तिलाही पटतं की काकांचंच बरोबर असणार.

आम्ही आमच्या इथल्या ग्रुपमध्ये एक नियम ठेवलाय तो सांगतो. मोठ्यांनी रन-थ्रू, म्हणजे न थांबता सलग केलेली तालीम, बघायचा, एकदा मध्यावर आणि एकदा रंगीत तालमीच्या आधी. जे काय वाटलं ते कागदावर लिहायचं आणि तो कागद फक्त दिग्दर्शकाला द्यायचा. नटांशी एक अक्षर बोलायचं नाही, "छान केलंस हां" पण नाही. त्या कागदातलं काय घ्यायचं, काय फाडून टाकायचं ते त्या पोरीने ठरवायचं. मोठ्यांना हे फार जड जातं, सांगून ठेवतो.

रडण्याचं म्हणाल तर रोल वाटपावरून मोठे नटही रुसतात, त्यात पोरांचं विशेष काही नाही. पण वाटपाची एक पद्धत ठरवायला सांगा, सगळ्यांनी सगळ्यांसमोर एकदा वाचायचं, आणि डिरेक्टरने आपल्या निर्णयाचं कारण तोंडावर सांगायचं. बेस्ट फ्रेंड खरंच चांगली वाचत असेल तर तेही दिसेल आणि नसेल तर तेही.

सीतागुंफा_रोड

वरच्या प्रतिसादाशी मी फारसा सहमत नाही. निवृत्त शिक्षक आहे, शाळेत बरीच वर्षं स्नेहसंमेलनाची नाटकं बसवली, आणि मी त्या काकांच्या जातीचा आहे हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

स्वतः लिहा, स्वतः बसवा हे ऐकायला गोड आहे, पण मुलांना बोलता कुठे येतं? आवाज नाही म्हणत मी, आवाज आहे भरपूर. वाक्याचा शेवट गिळतात. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी, "नाही" शेवटी, सगळा जीव वाक्याच्या शेपटाला, आणि ही मुलं नेमकं तिथे पोचेपर्यंत श्वास संपवतात. "मला सायन्सला जायचं नाहीये" हे वाक्य चौथ्या रांगेत "मला सायन्सला जायचं" एवढंच ऐकू येतं, आणि मग पुढचं सगळं नाटक प्रेक्षकाला उलटंच कळतं. हे त्यांना कुणीतरी जाणत्याने सांगावंच लागतं, त्यांच्या वयाच्या दिग्दर्शकाच्या लक्षात येत नाही कारण त्याला संवाद पाठ असतो, त्याला न बोललेलंही ऐकू येतं.

माझं म्हणणं, आधी महिनाभर दिवाकरांच्या नाट्यछटा करून घ्या. एक माणूस, समोर न दिसणारी दोन-तीन माणसं, पानभर मजकूर. कुणाकडे बघून बोलतोय, समोरचा काय म्हणाला ते आपल्या चेहऱ्यावर कसं आणायचं, थांबायचं कुठे, सगळं त्यात येतं. मग करा तुमची बस आणि तुमचे क्लास.

आणि आजोबांबद्दल, सरांची टिंगल मला खटकली नाही, आम्ही पण केली होती आमच्या सरांची. पण खऱ्या सरांची लकब, खऱ्या सरांचं नाव असं काही येऊ देऊ नका, गावात ओळखू येतं.

तिसरी_घंटा

सर, शेपटाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी उद्याच आमच्या पोरांना सांगणार. नाट्यछटाही मान्य. फक्त आधी महिनाभर हे आणि मग ते असं नको, त्यांच्या डोक्यात बस आत्ता अडकलीय, महिन्याने कंटाळा येईल. तालीम सुरू व्हायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं रोज एक नाट्यछटा घ्या की, तुम्हीच घ्या, आणि घेऊन झालं की खाली पेपर वाचायला या.

सीतागुंफा_रोड

खाली चहा असेल तर येईन.

विंगेतला

मी लाईटवाला. ऑर्केस्ट्रा, लग्नं, नाटक सगळं करतो, सातपूरला गोडाऊन आहे. ताई तुम्ही लिहिलंय "लाईट-म्युझिक आमचं", तिथेच माझे कान टवकारले.

पोरांना लाईट म्हटलं की लाल आणि निळा पाहिजे असतो. भांडण आलं लाल, दुःख आलं निळा. आणि चेहरा काळाकुट्ट. तोंड दिसलं नाही की ऐकू पण कमी येतं, हे अनुभवाचं बोल आहे, प्रेक्षक ओठ वाचतो थोडे. तर आधी साधा पांढरा किंवा वॉर्म उजेड समोरून दोन बाजूंनी, डावा-उजवा, साधारण ४५ अंशात वरून येईल असा, एवढं झालं की तुमचं ८० टक्के काम झालं. मग उरलं तर रंग.

करंटचं जरा लक्ष देऊन वाचा. पार म्हणजे स्टेजचा डब्यासारखा दिवा, त्यातला जुना हॅलोजनवाला १००० वॅटचा असतो. घरातला छोटा ६ अँपिअरचा पॉइंट, त्यावर एकच लावता येतो, दुसरा लावला की वायर तापते. मोठ्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर तीन लागतात, चौथा नको. आणि वाचनालयाच्या हॉलचं वायरिंग किती जुनं असेल देव जाणे. त्यापेक्षा भाड्याने एलईडी पार आणा, ५४ बाय ३ वाला, म्हणजे तीन-तीन वॅटचे ५४ एलईडी असलेला, कुठेही मिळतो, एकाला दीडशे वॅटच्या आसपास, सहा लावले तरी १००० वॅट होत नाहीत, आणि हाताला चटका पण नाही. पोरांनी ऑपरेट करावं, बिनधास्त, छोटा डीएमएक्स बोर्ड, म्हणजे सगळे लाईट एका जागेवरून कमीजास्त करायचा, एका संध्याकाळी शिकतात, आपल्यापेक्षा लवकर. पण शिडीवर चढणं, क्लॅम्प आवळणं, वायर जोडणं हे मोठ्या माणसाने, त्यात "आमचं आम्ही" चालणार नाही. लाईटला सेफ्टी चेन बांधलीय का ते डोळ्याने बघायचं, विचारायचं नाही, बघायचं.

पंख्यांचं पण बघा. असल्या हॉलमधले पंखे घरघर करतात आणि सरांचं ते शेपूट पंखाच खातो. बंद केले तर ऑक्टोबरच्या उकाड्यात पब्लिक वही घेऊन वारा घालत बसतं. आम्ही स्टेजच्या वरचे आणि पुढच्या दोन रांगांचे बंद ठेवतो, मागचे चालू. फूट माईक, स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवतात तो, वगैरे भाड्याने घेऊ नका, एवढ्या हॉलला नको, उलट पावलांचा धपधप आवाज येतो त्यात.

चार नाटकं आहेत म्हणजे मध्ये तीन वेळा सेट बदलणार. तिथे वाट लागते. नाटक बारा मिनिटांचं आणि सामान हलवायला आठ. चारही नाटकांना मिळून एकच सेट ठेवायला सांगा, लाकडी ठोकळे पाच-सहा, तेच बसच्या सीट, तेच क्लासचे बाक, तेच वाड्याचा ओटा. ब्लॅकआउटमध्ये कोण कुठला ठोकळा उचलणार याची वेगळी तालीम घ्या, घड्याळ लावून. ओट्याच्या कडेला ग्लो टेप मारा, नाहीतर अंधारात एक तरी खाली जाणार.

अकरावी_कॉमर्स

हाय, मी इथे फक्त वाचते पण हे वाचून राहवलं नाही. मी नाशिकरोडची, १६ वर्षांची, मागच्या वर्षी आम्ही मित्रमैत्रिणींनी असंच केलं होतं आणि एक नाटक मी बसवलं.

मोठे जेव्हा म्हणतात ना की तुम्हीच करा, आम्ही काही बोलणार नाही, तेव्हा ते बोलतातच, फक्त वेगळ्या रस्त्याने. आमच्याकडे एका मुलाच्या आईने रोज तालमीला वडे पाठवले आणि मग वडे खाता खाता त्याला विचारायची की तुझे डायलॉग एवढे कमी का, मग तो दुसऱ्या दिवशी मला येऊन विचारायचा. वडे छान होते पण.

मला सगळ्यात अवघड काय गेलं तर माझ्याच वयाच्या मुलांना "परत एकदा" म्हणणं. सर म्हटलं की करतात, मी म्हटलं की "काय फरक पडतो यार". मग मी एक केलं, एकेकाला वेगळं घेऊन विचारायला लागले की तुझा हा कॅरेक्टर या सीनमध्ये आत का येतो, त्याला काय पाहिजे. तो विचार करून काहीतरी सांगायचा, मग मी म्हणायचे की मग तसं कर. म्हणजे त्याचीच आयडिया असायची, मग परत एकदा करायला कुरकुर नाही. आमच्यात एक मुलगा शेवटपर्यंत हात खिशात घालूनच बोलायचा, सांगून सांगून थकले, शेवटी त्याच्या दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या दिल्या. आता ती पिशवीवाली एंट्री लोकांना सगळ्यात जास्त आवडली, मी काही बोलले नाही कुणाला.

आणि प्लीज एक निर्माता वेगळा ठेवा, म्हणजे जो डिरेक्टर नाही आणि नट पण नाही असा. हॉल, पैसे, कोण किती वाजता येणार, कुणाची टेस्ट कधी, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, कुणाच्या घरी पडलीय हे सगळं त्याने बघायचं. आमच्याकडे एक मुलगी होती तिला स्टेजवर यायचंच नव्हतं, तिने एक्सेलची शीट केली होती, कुणाचा क्लास किती ते किती त्याची, त्या शीटशिवाय आमची एकही तालीम पूर्ण टीमने झाली नसती. पोस्टरवर तिचं नाव सगळ्यात वर टाकलं होतं आम्ही.

सायन्सवाल्या सीनला हात लावू नका हां ताई, प्लीज. ज्या दिवशी ते नाटक होईल त्या दिवशी हॉलमध्ये किती आईबाबा शेजारी शेजारी बसून गप्प असतील बघा.

कागदपत्र

नाटकातलं मला फार कळत नाही, वकिली करतो, तर कोरडं लिहितो पण उपयोगी पडेल.

पोरांनी स्वतः लिहिलंय हे सगळ्यात सोयीचं. कॉपीराईट लिहिणाऱ्याचा असतो, तो अज्ञान असला म्हणजे वय अठराच्या आत असलं तरी त्याचाच, मंडळाचा नाही, काकांचा नाही, वाचनालयाचा नाही. संहितेवर नाव आणि तारीख घाला, आणि तालमीत पाच जणांनी मिळून डायलॉग रचले असतील तर पाचही नावं आत्ताच घाला, नंतर एखाद्या स्पर्धेत नंबर आला की आठवणी बदलतात.

ज्या कुणाचं चौथं नाटक लिहून झालेलं नाही त्याला सांगा की धड्यातली किंवा नेटवरची गोष्ट उचलून तिचं नाटक करायचं तर तो वेगळा हक्क आहे, नाट्यरूपांतराची परवानगी लेखकाकडून घ्यावी लागते. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. दिवाकर १९३१ साली गेले, त्यामुळे सरांनी सुचवलेल्या नाट्यछटा खुशाल करा. कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाला सूट आहे, प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर. म्हणजे तिकीट लावलं की दुसऱ्याच्या नाटकासाठी ती सूट गेली. तुमचं सगळं स्वतःचं असेल तर हा प्रश्नच नाही.

हॉलच्या बाहेर पडून जाहीर प्रयोग करायचा झाला, उद्या हुरूप आला आणि सायखेडकर नाहीतर कालिदास नाट्यगृहात करायचं ठरलं, तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे सेन्सॉर म्हणतात ते. संहिता आधी पाठवावी लागते, आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

गाण्यांचं, पोरं मोबाईलवरून सिनेमाचं गाणं लावणार आणि मग व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार, तिथे गाण्याच्या मालकाचा लगेच कॉपीराईट क्लेम येतो. तबला, पेटी, ताट, डबा, तोंडाने हॉर्न, बसच्या नाटकाला याहून जास्त लागतंय कशाला. आणि व्हिडिओ टाकण्याआधी प्रत्येक मुलाच्या पालकाची लेखी संमती घ्या, एक ओळीची चालेल.

गोदाकाठची

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. सर तुम्ही खरंच येणार असाल तर चहा नक्की.

पैशांचं कुणीच बोललं नाही पण? त्यांचा हिशोब मी बघितला, पोस्टरला हॉलच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे धरलेत.

मेनरोडवाला

पैशांचं मी सांगतो, माझा मुलगा एका ठिकाणी नाट्यशिबिराला गेला होता, नाव घेत नाही, फी भरपूर घेतली, वर जाहिरातीत "मुलांनी स्वतः साकारलेलं नाटक" असं होतं. बघायला गेलो तर सेट बाहेरच्या माणसाचा, म्युझिक रेकॉर्डेड, मुलं ओठ हलवताहेत, आणि माझा मुलगा झाड. झाड असण्याला माझी हरकत नाही, पण त्याला विचारलं तू झाड का आहेस तर म्हणे सरांनी सांगितलं. तेव्हापासून माझं मत असं झालंय की पोरांना पैसे कमी आणि अधिकार जास्त द्यावे.

तर एक रक्कम ठरवा, समजा पाच-सात हजार, कॉलनीच्या वर्गणीतून आगाऊ द्या, आणि सांगा की यापुढे एक रुपया नाही. पोस्टरवर उडवले तर उडवले, मग ठोकळे कुठून आणायचे ते बघतील. रविवार कारंज्यावर चार दुकानं फिरले की भाव कळतात. घासाघीस करायला शिकले तर तेवढंच पदरात. फक्त रोख रक्कम एकाच पोराकडे नको, दोघांच्या सहीने वहीत लिहायचं, आणि बिलाचे फोटो ग्रुपवर टाकायचे. तिकीट लावू नका पहिल्या खेपेला, बाहेर पडताना दारात डबा ठेवा, ज्याला आवडेल तो टाकेल. आमच्याकडे असं केलं तेव्हा खर्च निघाला होता.

विंगेतला

ताई लाईटचं भाडं त्या पाच हजारात धरू नका. सहा एलईडी पार आणि बोर्ड मी देतो, रविवारी लग्नाची तारीख नसली तर. एक अट, तुमच्यातली जी कुणी लाईट करणार आहे तिला आधी दोन तास गोडाऊनला पाठवा, बाबांबरोबर. शिकवतो आणि क्यू शीट, म्हणजे लाईट कधी बदलायचा त्याची यादी, कशी लिहायची ते दाखवतो. "इथे लाईट बदल" असं लिहून चालत नाही, कुठल्या वाक्याच्या कुठल्या शब्दावर, किती सेकंदात, ते लिहायला लागतं.

गोदाकाठची

अपडेट देते, दोन आठवडे झाले.

तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची धरलीय. सर येतात, पंधरा मिनिटं नाट्यछटा घेतात, मग खाली येऊन पेपर वाचतात, चहा घेतात, वरून मोठ्याने हसण्याचा आवाज आला की जिन्याकडे बघतात पण चढत नाहीत, मी लक्ष ठेवून असते. निर्माती ठरलीय, नववीतली एक मुलगी, इतकी शांत की आम्हाला वाटायचं हिला नाटकात रसच नाही, तिने पहिल्याच दिवशी पोस्टरचं बजेट कापून अर्ध्यावर आणलं आणि मोठ्या मुलांना ऐकावं लागलं. लाईटवाली बाबांबरोबर सातपूरला जाऊन आली, तेव्हापासून घरातले दिवे बंद-चालू करताना सेकंद मोजते म्हणे.

काकांचा प्रश्न होता. मागच्या शनिवारी मध्यावरचा रन-थ्रू झाला, काकांना कागद दिला, त्यांनी दोन्ही बाजू भरून लिहिलं, बसच्या नाटकाच्या डिरेक्टरला दिलं. ती "थँक्यू काका, बघते" म्हणाली आणि दप्तरात टाकलं. रात्री काका आमच्याकडे येऊन हळूच विचारून गेले की तिने त्यातलं काय काय घेतलं ते कळलं का. मी म्हटलं मला पण माहीत नाही. तेव्हा जरा रागावल्यासारखे झाले, पण आज सकाळी बसचं स्टीअरिंग म्हणून त्यांच्या जुन्या स्कूटरचा स्पेअर टायर देऊन गेले, त्यामुळे बरं चाललंय असं धरतेय.

आजोबांची नापसंती कायम आहे. सायन्सचा सीनही कायम आहे. चौथं नाटक अजून लिहिलेलं नाही आणि आता त्याचा डिरेक्टरही दुसऱ्या नाटकात नट म्हणून गेलाय, त्यामुळे तीनच होतील असं दिसतंय, निर्मातीने तीनच धरून वेळापत्रक लावलंय.

अकरावी_कॉमर्स

ताई वेळ नक्की झाली की इथे टाका ना, आम्ही नाशिकरोडहून सात-आठ जण येऊ. बसच्या नाटकात कंडक्टर कोण आहे?

गोदाकाठची

अजून कुणीच नाही गं. सगळ्यांना ड्रायव्हर व्हायचंय, काकांचा टायर आल्यापासून तर जास्तच.